पलंगाचा तळ: पट्ट्या, त्यांतील अंतर आणि वरची गादी

गादी घ्यायला गेलेला माणूस दुकानात पाठ टेकून पाहतो, कडा दाबून पाहतो, हमी किती वर्षांची आहे ते विचारतो आणि मग निर्णय घेतो. मात्र दुकानात ती गादी सपाट, मजबूत चौथऱ्यावर मांडलेली असते, आणि घरी ती आपल्या पलंगाच्या तळावर येऊन पडते. तो तळ कसा आहे, याची चौकशी या व्यवहारात बहुधा कोणीच करत नाही. वर्षभरात गादी मध्ये खोलगट होते, सकाळी कंबर धरते, पावसाळ्यात खालून कुबट वास येऊ लागतो आणि सगळा दोष गादीच्या माथी मारला जातो. माझ्या पाहण्यातल्या अशा तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ गादीत नसून तिच्या खाली होते.

आमच्या घरचाच अनुभव सांगतो. रत्नागिरीचे आमचे घर तळमजल्यावरचे आहे, आणि तिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. फर्निचरच्या दुकानातून आणलेला बॉक्स बेड होता. सामान ठेवण्यासाठी खाली पेटी आणि वर सलग प्लायवुड. तिसऱ्या वर्षी श्रावणात खोळ धुवायची म्हणून फोमची गादी उभी केली, तेव्हा तिच्या खालच्या कापडावर काळपट ठिपक्यांचे दोन लांबट पट्टे दिसले. आम्ही दोघे जिथे झोपत होतो, नेमके तिथेच ते होते, आणि बाकीची गादी कोरी होती. प्लायवर हात ठेवला तर ओलसर गारवा लागत होता आणि कडेचे थर नखाने उचलले जात होते. छप्पर कुठेही गळत नव्हते. रात्रभर अंगातून जो घाम आणि जी वाफ बाहेर पडते, तिचा काही भाग गादीतून खाली झिरपतो, थंड प्लायला टेकून तिथेच अडतो, आणि दिवसासुद्धा वर गादी पडलेली असल्याने त्याला सुकायला वाव मिळत नाही. पूर्वीची नवारीची खाट किंवा सुंभाची बाज कितीही झोळ पडलेली असली, तरी तिच्यात हा प्रकार होत नसे, कारण तिला खालून वारा लागत असे.

पट्ट्यांचा तळ, ज्याला दुकानात ‘स्लॅट’ म्हणतात, तो या अडचणीवरचा खरा उपाय आहे. पलंगाच्या चौकटीवर आडव्या बसवलेल्या लाकडी पट्ट्यांना दोन कामे एकाच वेळी करायची असतात: गादीला सपाट आधार द्यायचा आणि तिच्या पोटाखालून हवा खेळती ठेवायची. पट्ट्या जवळजवळ घेतल्या की आधार वाढतो व हवा कमी होते, आणि दूरदूर घेतल्या की हवा वाढते व आधार जातो. त्यामुळे पहिला प्रश्न अंतराचा आहे, आणि त्याचे उत्तर वर कोणती गादी येणार आहे यावर अवलंबून असते.

गादीनुसार अंतर

कापसाची गादी सर्वांत मऊ पडते आणि तिला स्वतःचा ताठपणा नसतो. तिच्यासाठी दोन पट्ट्यांमधले अंतर एक ते दीड इंचाच्या पुढे जाऊ देऊ नये. त्याहून अधिक ठेवले तर कापूस फटीत उतरतो, तिथे गोळे होतात आणि गादी पुन्हा पिंजून घेण्याची वेळ लवकर येते. कापूस ओल धरून ठेवतो, म्हणून त्याला हवेची गरजही सर्वांत जास्त असते. पट्ट्यांवर ठेवलेल्या कापसाच्या गादीलासुद्धा अधूनमधून ऊन दाखवावेच लागते, पण प्लायवरच्या गादीला लागते तितके नाही.

फोम आणि मेमरी फोम यांच्यासाठी दोन ते अडीच इंच ही मर्यादा धरावी. फोम दाबाखाली फटीत फुगतो, हे डोळ्यांनी पाहता येते: पलंगाखाली वाकून बघावे आणि वर कोणाला तरी गुडघा टेकायला सांगावे. फटीतून फोमचा फुगवटा बोटभर खाली आला, तर अंतर जास्त आहे असे समजावे. रोज रात्री त्याच जागी फुगून फोमचा कस तिथेच जातो. लेटेक्सची, म्हणजे रबराच्या फोमची गादी बरीच वजनदार असते आणि स्वभावाने लवचीक असते, म्हणून तिच्याखाली दोन इंचांच्या आतच राहणे बरे.

कॉयरची, म्हणजे काथ्याची गादी ताठ असल्याने तीन इंचांचे अंतरही सहन करते, परंतु तिचा शत्रू वेगळा आहे. तळ मध्ये दबलेला असेल तर काथ्या वाकत नाही, पिचतो, आणि एकदा पिचलेली जागा पुन्हा सरळ होत नाही. स्प्रिंगच्या गाद्यांत दोन जाती आहेत. बॉनेल स्प्रिंगा तारेने एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एखादी फटीवर आली तरी शेजारणी तिला धरून ठेवतात. तिथे तीन इंच चालतात. पॉकेट स्प्रिंगमध्ये मात्र प्रत्येक स्प्रिंग आपल्या कापडी पिशवीत सुटी असते. फट स्प्रिंगेच्या व्यासाइतकी रुंद झाली, तर ती कलंडते आणि पाठीला टोचल्यासारखी जाणवते, म्हणून पॉकेट स्प्रिंगला दोन इंचच ठेवावे.

पुढे कोणती गादी येईल हे ठरलेले नसेल, तर तीन इंच रुंदीच्या पट्ट्या आणि दोन इंचांचे अंतर हे माप घ्यावे; कापसाची गादी सोडली तर ते जवळपास सर्वांना चालते. ७८ इंच लांबीच्या पलंगाला या हिशेबाने बरोबर १६ पट्ट्या लागतात: सोळा पट्ट्यांचे ४८ इंच आणि मधल्या पंधरा फटींचे ३०. लांबी ७२ इंच असेल तर १५ पट्ट्या घ्याव्यात, अंतर दोन इंचांना किंचित कमी पडते. दुकानातल्या तयार पलंगांत हीच संख्या दहा-अकरावर आणलेली दिसते. म्हणून पलंग पाहताना सर्वांत आधी गादी उचलायला सांगून पट्ट्या मोजाव्यात. गादीच्या हमीपत्रातही तळाविषयी अट असते. ती खरेदीपूर्वी वाचावी, कारण गादी खचल्याची तक्रार केल्यावर कंपनीचा माणूस पहिल्यांदा तळाचाच फोटो मागतो.

जाडी, लांबी आणि मधला सपोर्ट

अंतराइतकीच, किंबहुना त्याहून जास्त चूक इथे होते. पट्टी किती वाकेल हे तिच्या रुंदीपेक्षा तिची जाडी आणि दोन टेकूंमधली लांबी यांवर ठरते, आणि हा हिशेब साध्या पटीत चालत नाही. टेकूंमधली लांबी निम्मी केली की मध्यावर आलेल्या त्याच भाराने पट्टी एक अष्टमांशच वाकते. जाडी पाऊण इंचावरून एक इंच केली तर वाकणे निम्म्याहूनही कमी होते. म्हणून लाकूड वाढवायचे असेल तर ते रुंदीत नव्हे, जाडीत वाढवावे.

हे आकड्यांत पाहू. पाच फुटी पलंगावर तीन इंच रुंद आणि पाऊण इंच जाड सागवानी पट्टी एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत सलग टाकली आणि तिच्या मध्यावर २५ किलो भार आला, तर ती सुमारे दीड इंच खाली जाते. त्याच पट्टीखाली मधोमध डोक्यापासून पायथ्यापर्यंत जाणारा एक सपोर्ट दिला, तर तिचे वाकणे दीड सुतावर येते. (इंचाचे आठ सूत, सुतारकामात अजूनही हेच माप बोलले जाते.) आणि २५ किलो हा काही मोठा भार नाही. झोपल्यावर वजन अनेक पट्ट्यांवर वाटले जाते हे खरे, पण पलंगावर चढताना आपण एक गुडघा टेकतो, आणि तेव्हा अंगाचे निम्मे वजन एक-दोन पट्ट्यांवरच येते.

यावरून व्यवहारातला नियम असा: तीन फुटी एकेरी पलंगाला पाऊण इंची पट्ट्या मधल्या सपोर्टशिवाय चालतात, चार फुटीला एक इंची पट्ट्या घ्याव्यात किंवा सपोर्ट द्यावा, पाच आणि सहा फुटी पलंगाला सपोर्ट हवाच, जाडी कितीही असो. या सपोर्टला स्वतःचे पाय असले पाहिजेत, आणि ते जमिनीला टेकलेले असले पाहिजेत. सहा-साडेसहा फूट लांबीचा सपोर्ट दोन टोकांवरच अधांतरी ठेवला, तर तो स्वतःच वाकतो आणि त्याच्यासोबत सगळ्या पट्ट्या मध्ये खाली जातात. दोघे झोपणारे रात्री मध्याकडे घरंगळतात ते यामुळे. लांबी तीन भागांत विभागून दोन पाय द्यावेत, आणि त्यांच्या तळाला उंची कमी-जास्त करता येणारे बूच लावून घ्यावेत, कारण घरची फरशी क्वचितच सगळीकडे एका पातळीत असते. सपोर्टचा पाय जमिनीपासून दोन सूत वर राहिला तर तो नसल्यातच जमा.

जुन्या पलंगाची परीक्षा घ्यायला एक दोरा आणि एक टेप पुरेसा होतो. गादी काढावी, दोरा पलंगाच्या एका बाजूच्या लाकडापासून दुसऱ्या बाजूपर्यंत कमरेच्या जागी ताणून धरावा आणि पट्टी टोकांपेक्षा मध्ये त्याच्यापासून किती अधिक सुटली आहे ते पाहावे. हा झाला कायमचा बाक. मग टेपचे टोक फरशीवर टेकवून पट्टीच्या पोटापर्यंतची उंची मोजावी, घरातल्या सर्वांत वजनदार माणसाला त्या जागी बसवावे आणि पुन्हा मोजावे. दोन-तीन सुतांचा फरक पडला तर काळजी नाही. चार सुतांच्या पुढे गेला, तर नवी गादी आणण्याआधी सपोर्ट घालावा. हे मोजमाप मी नव्या पलंगासाठी दुकानातही करतो आणि इतरांनीही संकोच न करता करावे, कारण पलंग एकदा घरात आल्यावर तो परत करणे फार कष्टाचे असते.

लाकूड

सागवान उत्तम, यात वाद नाही. ते ओलीने कमी फुगते, वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि वर्षानुवर्षे सरळ राहते. पण तळ गादीखाली झाकलेलाच राहणार असल्याने नवे सागवान त्यासाठी विकत घेण्याची गरज नाही. जुने घर उतरवताना निघालेले वासे, दारांच्या चौकटी चिरून त्यांच्या पट्ट्या काढल्या तर पैसेही वाचतात आणि लाकूड मुरलेलेही मिळते. कोकणात फणसाचे लाकूड त्याच विश्वासाने वापरले जाते. रबरवुड स्वस्त आणि सरळ असते, परंतु प्रक्रिया न केलेले रबरवुड कीड आणि बुरशी फार लवकर धरते, म्हणून प्रक्रिया झाल्याची खात्री केल्याशिवाय घेऊ नये. पाइनच्या पट्ट्यांत गाठी पाहाव्यात: पट्टीच्या मधल्या भागात, विशेषतः कडेला गाठ असेल, तर ती पट्टी तिथेच मोडते. कोणत्याही लाकडात रेषा पट्टीच्या लांबीला धरून सरळ गेलेल्या असाव्यात. तिरप्या जाऊन कडेतून बाहेर पडणाऱ्या रेषांची पट्टी बाजूला काढावी. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) यांच्या पट्ट्या मी कोणालाच सुचवणार नाही. भाराखाली त्या हळूहळू वाकतच राहतात आणि ओल लागली की कडा फुगून भुसा होतो.

विदर्भात राहणाऱ्यांना वाटेल की ओलीचा हा सगळा घोर कोकणापुरता आहे. पण नागपूर-अकोल्याकडे उन्हाळाभर खोलीत कूलर चालतो, तो हवेत पाणीच सोडत असतो, आणि ती दमट हवा रात्रभर बंद खोलीत फिरते. तिथे पावसाळ्याबरोबर मे महिनाही धरावा. शिवाय कोरड्या हिवाळ्यात लाकूड आकसते आणि पट्ट्या खाचांत सैल होऊन करकरतात, हा तिकडचा वेगळा त्रास आहे.

कमानदार पट्ट्या

अलीकडे बीच किंवा बर्च लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेल्या, किंचित कमानीच्या पट्ट्याही मिळतात. त्यांची टोके रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या टोप्यांत बसवलेली असतात. ही रीत जर्मनीत घरोघरी रुळलेली आहे, आणि तिथे २८ किंवा त्याहून अधिक अरुंद पट्ट्या एका चौकटीत असतात. कमान वरच्या बाजूला ठेवायची असते. घाईत उलट्या बसवलेल्या पट्ट्या मी पाहिल्या आहेत आणि त्या महिन्याभरात झोळीसारख्या झाल्या होत्या. कमरेच्या जागी काही पट्ट्या जोडीने असतात व त्यांवर सरकणाऱ्या चिमट्या असतात. चिमट्या बाहेरच्या टोकांकडे सरकवल्या की तो भाग कडक होतो, मध्याकडे आणल्या की नरम.

अशा तळाचा उपयोग फोमच्या किंवा लेटेक्सच्या गादीलाच होतो, कारण ती खालच्या हालचालीबरोबर वळते. स्प्रिंगच्या गादीखाली तो घालू नये. स्प्रिंगेवर स्प्रिंग ठेवल्यासारखे होते आणि अंग डोलत राहते. कॉयर आणि कापूस यांना तर सपाट, न वाकणारी पट्टीच हवी. पाठदुखीवर औषध म्हणून कमानदार तळ विकला जात असेल, तर सावध राहावे. आपली गादी कोणती आहे हे न विचारता जो तळ विकतो, त्याच्याकडून तो घेऊ नये.

घरात बॉक्स बेड असेल तर

सगळा पलंग मोडण्याची गरज नाही. वरचे प्लायवुड तुकड्यांत बसवलेले असेल, तर ते काढून त्याच बैठकीवर, म्हणजे प्लाय टेकतो त्या आतल्या कडेवर, पट्ट्या टाकता येतात. पेटीतल्या सामानावर धूळ पडेल ही शंका रास्त आहे. त्यासाठी पट्ट्यांखाली सुती कापड खिळवून घ्यावे, प्लॅस्टिक नको. हायड्रॉलिक पेटीत झाकणाची चौकट लोखंडी असते, तिथे पट्ट्या त्या चौकटीवर स्क्रूने बसवाव्या लागतात, आणि झाकणाचे वजन बदलल्यावर पंप नीट उचलतो की नाही ते बघावे लागते.

पट्ट्या शक्यच नसतील तर प्लायला भोके पाडावीत. होल सॉने एक इंच व्यासाची भोके सहा-सहा इंचांवर, मध्ये आणि खांद्यांच्या जागी अधिक दाट, अशी पाडून त्यांच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात. पेटी चहूबाजूंनी बंद असेल तर नुसत्या वरच्या भोकांनी फारसे साधत नाही. पेटीच्या बाजूंनाही खाली दोन-चार भोके हवीत, नाहीतर हवा येणार कुठून? आणि प्लाय बदलायचाच असेल, तर ओलसर घरासाठी साधा एमआर (ओल थोडीफार सोसणारा) दर्जाचा न घेता बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही टिकणारा) किंवा आयएस ७१० छाप असलेला मरीन प्लाय घ्यावा. लोखंडी पलंगाचा प्रश्न उलटा असतो: हवा भरपूर, पण आडव्या दांड्या फूटफूट अंतरावर. तिथे दांड्यांवर काटकोनात, म्हणजे पलंगाच्या लांबीला धरून लाकडी पट्ट्या टाकाव्यात व त्या दांड्यांना तारेने किंवा क्लॅम्पने बांधाव्यात. टेकूंमधली लांबी फुटाचीच असल्याने इथे पाच-सहा सूत जाडी पुरते.

बसवताना

चौकट काटकोनात आहे का, हे दोन्ही कर्ण मोजून पाहावे; ते सारखे भरले पाहिजेत. पट्टीचे टोक दोन्ही बाजूंना बैठकीवर किमान एक इंच टेकले पाहिजे, आणि पट्टीची लांबी आतल्या मापापेक्षा दोन सूत कमी ठेवावी, म्हणजे ती चौकटीत अडकून बसणार नाही. प्रत्येक टोकाला एक स्क्रू पुरे. खिळे मारू नयेत, कारण ते काही महिन्यांत सैल होतात आणि आवाज करतात. स्क्रूसाठी आधी भोक पाडून घ्यावे, नाहीतर टोक चिरते. बैठक आणि पट्टी यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी किंवा नमदा घातला, की करकर थांबते. वरच्या दोन्ही कडांवर रंधा मारून त्या गोल करून घ्याव्यात. धारदार कडा गादीचे कापड वर्षभरात कापतात. पट्ट्यांना वरून चकचकीत रंग देऊ नये, गादी सरकते. आतून-बाहेरून बोरॅक्सचे किंवा वाळवीरोधक औषधाचे हात देऊन, पूर्ण वाळवून मगच त्या बसवाव्यात.

उंचीचाही विचार याच वेळी करावा. पट्ट्यांच्या वर बाजूचे लाकूड इंच-दीड इंच राहिले की गादी जागची हलत नाही. त्याहून अधिक राहिले तर काठावर बसताना ते मांडीला रुतते. गादीसह पलंगाची उंची १८ ते २० इंच असावी, म्हणजे घरातल्या वयस्कर माणसांना गुडघ्यांवर जोर न देता उठता येते. पाय ठेवून बांधलेल्या पलंगाखाली सहा-सात इंच मोकळे राहिले, तर झाडू आत जातो आणि वाराही.

ढेकूण झाले तर ते पट्ट्यांच्या टोकांशी, स्क्रूच्या खाचांत सापडतात. पट्ट्यांचा फायदा असा की दोन स्क्रू काढून पट्टी उन्हात नेता येते. पट्ट्यांना खालून खडूने क्रमांक घालून ठेवावेत, म्हणजे परत बसवताना त्याच जागी बसतात.

आमच्या रत्नागिरीच्या पलंगाला आता १६ पट्ट्या आणि मध्ये दोन पायांचा सपोर्ट आहे. तरीही भाद्रपद संपता संपता गादी दिवसभर भिंतीला उभी करून ठेवायची आणि खालच्या कापडावर हात फिरवून पाहायचा, हे आम्ही सोडलेले नाही. गेल्या दोन्ही वर्षी तो हात कोरडा आला.